मधातली म्याडम आणि गोदाबाईचा टिपका

कोकणातली भुतं म्हणे रात्री निघतात. त्यांना ते परवडतं. तिकडे रात्री वारा असतो. आमच्या वऱ्हाडातली भुतं दुपारी निघतात. मे महिन्यात जेवणं आटोपली की माणसं कूलरपुढे, म्हशी गोठ्यात आणि कुत्री नालीत जाऊन पडतात. रस्ता भुतांना मोकळा. शिवाय भुताला घाम येत नाही, त्यामुळे आपल्याइतका उन्हाचा त्रास त्याला होत नसावा.

खारगावचं भूत मात्र हौसेनं फिरणाऱ्यातलं नव्हतं. ते सरकारी नोकरीतलं होतं.

खारगाव हे नाव माझ्या पदरचं. खरं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या खारपाणपट्ट्यात आहे. तिथं विहिरीचं पाणी खारट, बोअरचं त्याहून खारट. नव्या पाहुण्याला चहा दिला की तो कपात बघत विचारतो, साखर संपली होती का? माझी सासुरवाडी तिथली आहे, त्यामुळे लग्न झाल्यापासून मी तो चहा हसतमुखानं पीत आलो आहे.

तर गोदाबाई. गोदाबाई तायडे खारगावच्या उपकेंद्राची नर्स होती. अशी उंच, की कुठल्याही घरात शिरताना वाकायची आणि निघताना चौकटीला शिव्या द्यायची. फेरीला निघायची ती भर दुपारी. पायात प्लास्टिकच्या चपला, त्यांचा फटक फटक आवाज गल्लीभर. कोणी कारण विचारलं, "बाई, या उन्हात कावून फिरता?" तर म्हणायची, "पुरुष झोपले की बायका खरं बोलतात."

गावात तिचा दरारा होता तो टिपक्यामुळे. ज्या घरी बाळंतपण अवघड जाणार, त्या घराच्या चौकटीवर एखाद्या दुपारी जांभळा टिपका उमटलेला दिसायचा. लहान लेकरांच्या तोंडात लावतात ना, त्या जांभळ्या औषधाचा. टिपका दिसला की घरातले पुरुष वाद घालत नसत. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग ऑटो, असेल ते वाहन जुंपायचं आणि बाईला कळा सुरू व्हायच्या आत अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गोदाबाईला टिपका लावताना कोणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर ती एवढंच म्हणे, "दिसला ना? मंग निघा."

गावानं त्या टिपक्यांचा देव केला. दिवाळीला चौकट रंगवायची, पण टिपक्याएवढी जागा सोडून. दसऱ्याला त्याला तेल आणि कुंकू. वर्षानुवर्षांच्या रंगानं भोवतालची जागा वर आली आणि टिपक्याच्या जागी खळगे झाले. सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ती घंटीची जागा वाटली होती. मी बोट दाबलं आणि सगळी सासुरवाडी किंचाळली.

गोदाबाई गेली तीही ड्यूटीवर. उपकेंद्रातल्या लोखंडी खुर्चीत बसल्या बसल्या. ती जांभळं औषध, गोळ्या आणि दम यांपलीकडे फारशी बोलत नसेच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या दुपारी काही पेशंट येऊन तिच्यासमोर आपली दुखणी सांगून गेले. ती काही बोलली नाही. ते समाधानानं घरी गेले. गावाचं म्हणणं असं की ते सगळे बरेही झाले.

त्यानंतर उपकेंद्र बरेच दिवस रिकामं राहिलं आणि दुपारी गल्लीत चपला वाजतच राहिल्या. मग एका उन्हाळ्यात आकांक्षा नावाच्या सुनेच्या चौकटीवर ताजा जांभळा टिपका उमटला. गोदाबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं. घरच्यांनी आकांक्षाला उचललं आणि अमरावती गाठली. तिथला डॉक्टर म्हणाला, बरं झालं आणलं, मूल आडवं आहे. खारगावचे जे थोडे लोक विज्ञानावर विश्वास ठेवत होते, त्यांनीही त्या दिवशी नारळ फोडला.

अशा गावात सुरैय्या आली.

सुरैय्या अकोल्याची. जठारपेठेत तिच्या वडिलांचं, रऊफभाईंचं, शिलाईचं दुकान. तिनं नर्सिंगची पदवी घेतली, वर आणखी एक शिक्षणक्रम केला आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून खारगावला रुजू झाली. गावाला हे पद काही झेपलं नाही. नत्थुजी म्हणाले, "एवढं लांब नाव घेईपर्यंत मानसाचा ताप उतरते."

नत्थुजींची ओळख आत्ताच करून देतो, कारण पुढे ते कोणालाच बोलू देणार नाहीत. काळ्या जमिनीचे मालक, पांढऱ्या मिशांचे धनी, आणि वाद हा त्यांचा जोडधंदा. बातम्यांत हवामान सांगणाऱ्या मुलीशी ते टीव्हीसमोर उभं राहून भांडतात. सुरैय्याची पहिली उलटतपासणी त्यांनीच घेतली.

"तुमी डाक्टर का नर्स?"

"दोन्हीच्या मधात, काका."

"मधात म्हंजे? कंपाउंडर?"

"नाही. बीपी, शुगर, ताप, खोकला, बाळंतपणाची तपासनी, सगळं मीच पाहतो. औषधाच्या गोया मीच देतो. मोठं काही असलं तं डॉक्टरसायबाले फोनवर दाखवतो आन् पुढं पाठवतो."

"म्हंजे छोटं दुखनं तुमचं आन् मोठं त्यायचं."

"हो."

"आन् दुखनं मधातलं असलं तं?"

सुरैय्या हसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं, मधातली म्याडम.

कामात ती पक्की होती. तिनं दारोदार फिरून निम्म्या गावाचं वाढलेलं ब्लडप्रेशर शोधून काढलं. गावानं त्याचा दोष मशीनला दिला, पण गोळ्या घेतल्या. आपल्या सासूच्या पायाची जुनी जखम तिनं रोज धुऊन बरी केली, हे माझी बायको अजून सांगते. सासू तिची नव्हे, माझी. पण दवाखान्यात बसलेली सुरैय्या मात्र हळूहळू गप्प होत गेली. कारण ती खुर्ची.

लोखंडी खुर्ची खिडकीशी तशीच होती. उपकेंद्राची झाडलोट करणाऱ्या पार्वताबाई रोज ती पुसत आणि शेजारी पाण्याचा गिलास ठेवत. पार्वताबाई गोदाबाईच्या वेळेपासूनच्या. सुरैय्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसायला गेली तर त्या ओरडल्या, "म्याडम! तिथी बाई हायेत!" सुरैय्यानं स्टूल घेतलं. पेशंट येत, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून दुखणं सांगत, आणि हात तेवढा सुरैय्यापुढे करत. जणू त्या दोघींनी तपासणी वाटून घेतलेली होती. बोलणं एकीनं ऐकायचं, नाडी दुसरीनं बघायची.

आरंभी सुरैय्या हे अकोल्याला फोन करून आईला सांगे आणि दोघी हसत. पुढे ती सांगेनाशी झाली. दुपारी दार लोटून ती आतल्या खोलीत टेकली की व्हरांड्यात चपला वाजत. फटक, फटक. मग औषधांच्या कपाटाची कडी हलके निघाल्याचा आवाज. ती बाहेर येई तेव्हा कोणी नसे. पार्वताबाई भिंतीशी पदर तोंडावर घेऊन झोपलेल्या. आणि कधी कधी खुर्ची करकरे, कोणी उठून गेल्यावर करकरते तशी.

"मावशी, कोन आलं होतं?"

"कोन येईन या उन्हात?" पार्वताबाई पदराआडून म्हणत. "बाई असन."

एकदा तिनं कपाट आवरायला काढलं. मागच्या कोपऱ्यात गोदाबाईच्या वेळची जांभळ्या औषधाची बाटली होती. चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षरं पुसलेली. केव्हाच आटून गेली असेल म्हणून तिनं हलवली, तर आत औषध डुचमळलं. बूच ओलं होतं. तिनं बाटली जागच्या जागी ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा कपाटाकडे पाठ करून बसली नाही. नमाज पढणारी, विज्ञान शिकलेली मुलगी. दोन्हीकडून तिला भुताची परवानगी नव्हती. भीती मात्र वाटायची ती वाटायचीच.

आता दामिनी. दामिनी ही नत्थुजींची सून. नत्थुजींचा मुलगा शिवम पुण्याला कंपनीत. नत्थुजींची बायको शेवंताबाई काही वर्षांपूर्वी वारली, त्यामुळे घरात सासरा आणि पोटुशी सून दोघंच. दामिनी फार कमी बोलायची. नत्थुजींच्या घरात बोलायला जागाच कुठे होती म्हणा.

त्या दिवशी सकाळी सुरैय्या तपासायला गेली आणि दामिनीला बघताच दारात थबकली. तोंड सुजलेलं. डोळे बारीक. आठवा महिना. तिनं बीपी घेतलं, थोडं थांबून दुसऱ्या हाताचं घेतलं. लघवी पट्टीवर तपासली.

"डोकं दुखते का?"

दामिनीनं सासऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग हळूच म्हणाली, "डोयापुढं काजवे चमकून राहिले, म्याडम. दिवसाचे."

सुरैय्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पडद्यावरच दामिनीचं तोंड पाहिलं आणि सांगितलं, गोळी द्या आणि लगेच अमरावतीला हलवा. सुरैय्यानं गोळी दिली, गाडी बोलावली, आणि मग नत्थुजींकडे वळली.

"आज न्यावं लागते, काका. आत्ताच."

नत्थुजींनी शांतपणे चौकटीकडे बोट दाखवलं. "टिपका दिसते का?"

"मले मशीन दिसते."

"तुमची मशीन, म्याडम, गावातल्या सगळ्यायचंच बीपी वाढवते. माहं वाढवलं, माह्या भावाचं वाढवलं. उद्या बोकडाले लावलं तं त्याचं बी वाढवन. मेलं का कोनी?"

"बोकडाचं मी सांगत नाही! पोरीले झटका आला तं माय बी जाईन आन् लेकरू बी."

"असं असतं तं गोदाबाईले समजलं नसतं? ह्या चौकटीवर माह्या शिवमच्या वक्ताले टिपका उठला होता. शेवंताले त्याच घडीले नेलं, म्हून माय-लेक वाचले. आमच्या घरचा कायदा हाय. टिपका उठला तं जाचं. नाही उठला तं उगाच पोरीचं पोट फाडाले न्याचं नाही."

"गोदाबाई वारल्या, काका!"

"त्यानं काय होते?" नत्थुजींनी विचारलं.

सुरैय्यानं शिवमला पुण्याला फोन लावला. शिवम म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं करा, म्याडम." पुण्याला जाऊन माणूस बदलतो म्हणतात, ते खोटं आहे. नत्थुजींनी दार लोटलं. गाडी निघाली होती; सुरैय्यानं ड्रायव्हरला फाट्यावरच थांबायला सांगितलं आणि ती उपकेंद्रात परत आली.

ऊन चढलं. गाव निजलं. ती स्टुलावर बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. एवढं शिकून, एवढं फिरून, गावात आपल्यापेक्षा मेलेल्या बाईच्या शब्दाला वजन आहे. बरं, ती मेलेली बाई आज गप्प. सुरैय्या उठली. कपाटातून बाटली काढली. बूच उघडताना औषध बोटांवर ओघळलं. ती खुर्चीला म्हणाली, "माफ करा, बाई. तुमचं नाव वापरतो." पार्वताबाई भिंतीशी झोपलेल्या होत्या, किंवा तशा दिसत होत्या.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. स्वतःच्याच चपलांचा आवाज तिला मागून कोणी येतंय असा वाटत होता. फटक, फटक. ती थांबली की तोही थांबे. पण एक पाऊल उशिरा. तिनं मागे पाहिलं नाही. नत्थुजींच्या दाराशी येऊन तिनं बोट उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.

चौकटीवर टिपका होता. शिवमच्या वेळच्या काळपट खळग्याशेजारी, तेवढ्याच उंचीवर. ताजा. ओला. त्यातून एक बारीक ओघळ खाली सरकत होता.

सुरैय्याच्या अंगावर त्या उन्हात काटा आला. बोट जांभळं, पण चौकटीला लागलेलं नाही. मग हा लावला कोणी?

तेवढ्यात दार उघडलं. नत्थुजींनी टिपका पाहिला. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी सुरैय्याचं बोट पाहिलं, आणि जोडलेले हात सुटले.

"वा म्याडम! गोदाबाईच्या नावानं चोरी?"

"मी लावला नाही, काका. लावाले आली होती. पन लावला नाही."

"बोट जांभयं, टिपका जांभया, आन् तुमी लावला नाही! मले येडा समजता का?"

हे खरं होतं आणि कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. सुरैय्या उभी राहिली. तिला कळत होतं की टिपका होता तोवर निदान एक आशा होती, आणि आपण इथं येऊन तीही घालवली.

"मामाजी."

आतून दामिनी भिंतीला धरत आली. तिनं उजवा हात पुढे केला. तर्जनीचं टोक जांभळं होतं.

"म्याडमनं नाही. मी लावला. मले भेव वाटून राहिलं. तुमाले सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं का?"

नत्थुजींच्या मिशा हलल्या, आणि मग शब्द आला तो फार मोठ्यानं. "गोदाबाईचा टिपका तू लावते? तुह्या बापानं लावला होता का कधी असा?"

"बाप्पा, ओरडू नका, गाव उठन." सुरैय्याच्या मागून पार्वताबाई पुढे आल्या. मागून येणारी पावलं त्यांची होती. "नत्थुजी, एक सांगतो, ते कानात ठेवा. गोदाबाईनं जन्मात कोनाच्या दाराले टिपका लावला नाही."

"मंग?"

"ती बाटली देत जाय. ज्या बाईले मनातून वाटे का मले नेलं पाहिजे, आन् घरी कोनी आयकत नाही, ती दुपारची येऊन बाटली ने आन् आपल्या हातानं लावे. गोदाबाई मंग म्हने, दिसला ना? निघा. तिच्या मागं मी बाटली भरून ठेवतो. आकांक्षानं नेली. ह्या पोरीनं परवा नेली, थोडं औषध वाटीत काढून ठेवलं आन् काल बाटली आनून ठेवली."

"खोटं! माह्या शेवंताच्या वक्ताले..."

"गोदाबाई केवढी होती?" पार्वताबाईंनी विचारलं. "तुमच्या दारातून वाकून शिरे. आन् टिपका पाहा कुठी हाय. एवढ्या उंच बाईनं एवढा खाली कावून लावला असता?"

नत्थुजींनी खळग्याकडे पाहिलं. दर दसऱ्याला ते त्याला कुंकू लावायला वाकत. का वाकावं लागतं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. शेवंताबाई ठेंगणी होती. फळीवरचा डबा काढायलाही नवऱ्याला हाक मारायची. त्यांनी हात पुढे नेला आणि अंगठा त्या तेलकट खळग्यात ठेवला. तिच्या बोटावर, म्हणा. ती त्या दिवशी इतकी भ्याली होती, आणि आपल्याला सांगू शकली नव्हती. आणि पुढे सगळा संसारभर, आपण या जागेला हात जोडताना, मागे चुलीशी बसून बघत होती.

मग ते घसा खाकरून म्हणाले, "गाडी बोलवा."

"गाडी फाट्यावर उभीच हाय, काका."

"तं इथी कावून नाही आनली?" नत्थुजी ओरडले. "अक्कल हाय का कोनाले? पोरीच्या डोयापुढं काजवे चमकून राहिले आन् हे इथी गप्पा मारून राहिले!"

गाडीत सुरैय्यानं डॉक्टरांनी सांगितलेली सुई दिली आणि अमरावतीपर्यंत दामिनीचा हात सोडला नाही. दोघींची जांभळी बोटं एकमेकींत अडकलेली. वाटेत एकदा दामिनीचे डोळे वर फिरले, अंग ताठ होऊ लागलं, आणि सुरैय्यानं तिला कुशीवर वळवून धरलं. पुढच्या बाकावर नत्थुजी राम म्हणत होते की शेवंता, हे गाडीच्या आवाजात कळत नव्हतं.

मुलगी झाली. ओंजळीएवढी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. दामिनी वाचली. नत्थुजींनी राजापेठेत जाऊन नातीसाठी टोपी आणली. ती टोपी एवढी मोठी, की त्या मुलीला शाळेत जायला लागल्यावर कुठे नीट बसेल.

गावात आल्यावर पारावर माणसं जमली. नत्थुजी काय सांगतात म्हणून पार्वताबाई लिंबामागे श्वास धरून उभ्या. नत्थुजी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "गोदाबाईचा टिपका उठला. मंग काय, निघालो." पोटात एवढी मोठी गोष्ट ठेवणं त्यांना किती जड जात असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून टीव्हीतल्या मुलीशी ते दुप्पट भांडतात.

सुरैय्या पार्वताबाईंवर मात्र चिडली. "मले कावून नाही सांगतलं, मावशी? मी भेवानं अर्धी झाली इथी!"

"तुमी शिकेल मानसं. तुमच्या त्या सरकारी टॅबमधी भरून टाकलं असतं."

सुरैय्याला राग आला, कारण ते खरं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जित्या बाईचं आयकाले मेलेली बाई लागते. किती दिवस चालन हे असं?"

पार्वताबाईंनी खांदे उडवले आणि खुर्ची पुसायला घेतली.

"मंग दुपारच्या त्या चपला? बायका बाटली नेत होत्या?"

"हो."

"कपाटाची कडी?"

"त्यायचीच."

"आन् ही खुर्ची करकरते ते?"

पार्वताबाईंचं फडकं थांबलं. "ते मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी झोपेल असतो."

सुरैय्या अजून खारगावात आहे. घरोघरी गेली की सासऱ्यांना, नवऱ्यांना समोर बसवते आणि आधी सुनेला बोलायला लावते. "तुले काय वाटते, ते तू सांग," म्हणते. काही घरांत सुना बोलू लागल्या आहेत. काही घरांत अजून खाली बघतात. त्या घरांसाठी बाटली कपाटात आहे, आणि ती आता पार्वताबाई भरत नाहीत, सुरैय्या भरते.

हे सगळं मला बायकोनं सांगितलं, आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांनी. मी छापतो आहे म्हटल्यावर तिनं विचार केला आणि म्हणाली, छापा. आमच्या गावचे पुरुष काही वाचत नाहीत.

गेल्या मे महिन्यात सासरी गेलो होतो. बीपी तपासायला दुपारी उपकेंद्रात गेलो. सुरैय्या पट्टा माझ्या दंडाला गुंडाळत होती, पार्वताबाई भिंतीशी. तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या. फटक, फटक. माझ्या पाठीमागे कपाटाची कडी निघाली. मी वळायला गेलो.

"मागं पाहू नका, जावईबापू," सुरैय्या हळूच म्हणाली. तिचे डोळे मशीनवर होते.

कडी लागली. चपला व्हरांड्यातून उतरून गल्लीत गेल्या. मग खिडकीशी, जिथं कोणी नव्हतं, तिथं खुर्ची करकरली. सुरैय्यानं शेजारचा पाण्याचा गिलास खुर्चीच्या जरा जवळ सरकवला आणि म्हणाली, "बीपी वाढलं तुमचं."